युद्धाचं कलम

रत्नागिरी

चि. ताई हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

आई-बाबांच्या युरोपच्या सहलीचा विमा काढल्याचं कळवलंस, बरं वाटलं. पण ‘आता युद्ध झालं तरी घोर नाही’ हे तुझं वाक्य मनातून जाईना, म्हणून हे लांबलचक पत्र.

पॉलिसीचं पुस्तक काढ आणि काय मिळणार नाही त्याची यादी आधी वाच. युद्ध, परकी आक्रमण, यादवी, बंड आणि त्यालाच चिकटलेले पाच शब्द: ‘युद्ध जाहीर असो वा नसो’. हे कलम बहुधा सगळ्या पॉलिसीला लागू असतं. विमानाला उशीर झाला तर इतके, सहल रद्द झाली तर तितके, असं पुढच्या पानावर छापलेलं असलं तरी कारण युद्ध निघालं की ती रक्कम अडते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतो, तोही मुळात आजारपणाचा आणि माणसाला मायदेशी आणण्याचा. बुडालेल्या हॉटेलच्या पैशांशी त्याचा संबंध नाही.

कंपन्यांचा हिशेब मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समजतो. शंभर होड्यांतल्या दोन बुडाल्या तर बाकीच्यांच्या वर्गणीतून त्यांचं भागतं. अख्खं बंदरच उलटलं तर वर्गणी द्यायला कोण उरणार? स्पेनमधल्या यादवीत शहरांवर बॉम्ब पडू लागले तेव्हा ब्रिटिश विमेदारांनी हेच ओळखलं आणि 1937 मध्ये जमिनीवरच्या युद्धाची जोखीम घ्यायची नाही असं आपसात ठरवून टाकलं. समुद्रावरच्या मालाला मात्र जादा प्रीमियम भरून युद्धाचा विमा आजही मिळतो. जहाजातल्या पेटीला जे मिळतं ते विमानातल्या माणसाला सहजी मिळत नाही, हे मला खटकतं.

आई-बाबांचं विमान दोह्यावरून आहे म्हणून 23 जून 2025 ची संध्याकाळ सांगतो. इराणने कतारमधल्या अल उदेद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली. त्याच्या जरा आधी कतारने आपलं आकाश बंद केलं होतं. शेजारच्या बहारीन आणि कुवेतनेही केलं. दोह्याकडे निघालेली विमानं वाटेतून फिरली किंवा भलतीकडेच उतरली. मध्यरात्रीनंतर आकाश उघडलं, पण जोडविमानांची साखळी तुटायची ती तुटलीच. या प्रवाशांपैकी कोणाचा युद्धाशी काय संबंध होता? कलम ते विचारत नाही. त्याआधी महिनाभरच, मे महिन्यात, आपल्याकडचेही उत्तर आणि पश्चिमेचे 32 विमानतळ काही दिवस बंद होते. तेव्हा ही लांबची गोष्ट राहिलेली नाही.

आपल्या जिल्ह्याला तर ती कधीच लांबची नव्हती. खेड-दापोलीपासून राजिवड्यापर्यंत किती घरांच्या चुली आखाताच्या पगारावर पेटल्या. 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत गिळलं आणि तिथल्या नोकरदारांचं बँकेतलं, घरातलं सगळं मागे राहिलं. माणसं बसने बगदादमार्गे जॉर्डनला, अम्मानला पोचली. तिथून एअर इंडियाने 59 दिवसांत 488 उड्डाणं करून लोकांना मुंबईत आणलं. त्या मोहिमेत 1,70,000 हून अधिक भारतीय परतले. त्यांना परत आणलं ते सरकारने आणि वैमानिकांनी, कुठल्या पॉलिसीने नव्हे.

पैशांचं काय झालं, हा भाग फारसा कोणी सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये भरपाई आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून पैसे वळते केले. कुवेत किंवा इराक सोडावं लागलेल्या माणसाला 2,500 किंवा 4,000 डॉलर, कुटुंबाला 5,000 किंवा 8,000. अर्ज आपल्या सरकारमार्फत जायचे, पैसे यायला वर्षं लागली. आणि पुरावा काय हवा? आपण तिथून कधी निघालो हे दाखवणारा साधा कागद. पासपोर्टवरचा एक शिक्का! पळताना कपड्यांची बॅग सोडून ज्यांनी कागदांची पिशवी छातीशी धरली, त्यांचं शहाणपण किती मोठं होतं, ते बघ.

म्हणून आता एवढं कर. मुंबई ते पॅरिस सगळा प्रवास एकाच तिकिटावर घे. मधलं विमान रद्द झालं तर पुढे पोचवायची किंवा पैसे परत द्यायची जबाबदारी विमान कंपनीवर येते. युद्धासारख्या कारणाला वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, पण रद्द उड्डाणाचे पैसे हा आपला हक्क आहे, क्रेडिट व्हाउचर गळ्यात मारून घेऊ नकोस. युरोपातून परतताना विमान रद्द झालं तर तिथल्या नियमाने जेवणाची आणि मुक्कामाची सोयही कंपनीनेच करायची असते, कारण युद्धाचं असलं तरी.

विमा कंपनीला फोन नको, ईमेल कर. आकाश बंद झाल्यामुळे अडकलो तर पॉलिसीची मुदत आपोआप वाढते का? दहशतवादी हल्ला धरला आहे का आणि तो युद्धापासून वेगळा कसा ठरवता? सरकारने ‘जाऊ नका’ म्हटल्यावर गेलं तर काय? उत्तरं लेखी येऊ देत. बाबांची शुगर आणि बीपी फॉर्ममध्ये लिहिलंस ना? दोह्यात चार दिवस अडकले आणि छातीत दुखलं, तर ते दुखणं युद्धाचं नाही, तिथे पॉलिसी कामाची. पण आधीचा आजार लपवला असेल तर तोही क्लेम हातचा जाईल.

क्लेम नाकारलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

आई-बाबा कोकणकन्येने निघतील त्या रात्री मी स्टेशनवर येतोच आहे. पॉलिसी, तिकिटं आणि पासपोर्ट यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेव. एक संच आईच्या पर्समध्ये, दुसरा माझ्याकडे.

तुझा
मामा