खिळ्यावरची वही

पुलगावच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला सुतळीनं अडकवलेली एक लाल वही असायची. किराण्याची. दुकानात जाताना ती न्यायची. दुकानदारकाका कानामागची पेन्सिल काढून लिहायचे : तुरीची दाळ, जवसाचं तेल, साबण १. आणि वही परत आपल्या हाती. एवढ्या गिऱ्हाइकांचं त्यांच्या कुठं लक्षात राहणार? पण वही उघडली की सगळं आठवायचं. ‘‘काहून रे, या खेपी गूळ नाही सांगतला आईनं?’’ गिरणीचा पगार झाला की बाबा हिशेब चुकता करायचे आणि काका पानावर आडवी रेघ मारायचे.

आता गिरणीचा भोंगा नाही, आर्वीला जाणारी छोटी रेल्वेगाडीही थांबली. दाळ मोबाइलवर मागवतो. पण साइट उघडली की ‘आम्ही कुकीज वापरतो’ अशी पाटी आडवी येते. कित्येक वर्षं मी न वाचताच ‘मान्य’ दाबत आलो.

मुलीनं समजावून सांगितलं तेव्हा हसूच आलं. अरे, ही तर आमची खिळ्यावरची वही! वेबसाइट मुळातच विसरभोळी. दर पान उघडताना आपण तिला नवखेच. म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी युक्ती काढली : साइटनं एक छोटी चिठ्ठी आपल्याच ब्राउझरकडे ठेवायला द्यायची, आणि पुढच्या वेळी ब्राउझरनं ती दाखवायची. ही चिठ्ठी म्हणजेच कुकी. तिच्यामुळे पिशवीत टाकलेला माल टिकतो, पासवर्ड पुन्हापुन्हा मागितला जात नाही.

फरक आहे तो दुसऱ्याच माणसात. काकांच्या गल्ल्याशेजारी एक अनोळखी इसम बसलाय, त्यानंही आपल्याला एक चिठ्ठी दिलीय, असं समजा. कापडाच्या दुकानात तोच, औषधाच्या दुकानातही तोच. सगळीकडे तीच चिठ्ठी बघून नोंद करतोय. ही ‘थर्ड पार्टी’ कुकी. परवा रात्री मी गुडघ्याचा पट्टा पाहिला, तर सकाळी बातम्यांच्या शेजारी पट्टेच पट्टे! आमच्या उधारीची कुजबूज दुकानातल्या चार बायकांत व्हायची, आईला ते बोचायचंही. पण कोण ऐकतंय ते तरी दिसायचं.

तरी एक गोष्ट तेव्हाची आजही टिकून आहे : चिठ्ठी आपल्याच घरी असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, गोपनीयतेच्या भागात, थर्ड पार्टी कुकीज अडवता येतात; कोणत्या साइटनं काय ठेवलंय ते पाहून पुसता येतं. सगळंच पुसलं तर लॉग-इन पुन्हा करावं लागतं, एवढंच. पाटीवर ‘नाकारा’ किंवा ‘पर्याय पाहा’ असेल तर तेही दाबता येतं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार तर संमती मागे घेणं, ती देण्याइतकंच सोपं असायला हवं.

आई दर रविवारी चष्मा लावून ती वही ओळ न् ओळ वाचायची. एकदा साबण दोनदा लिहिलेला सापडला. काकांनी न कुरकुरता खोडला. परवाच्या रविवारी मीही चष्मा लावला आणि मोबाइलची सेटिंग उघडली. कधीकाळी एकदाच पाहिलेल्या किती दुकानांच्या चिठ्ठ्या होत्या तिथं! एकेक वाचली, आणि आडवी रेघ मारली.