आबाजींच्या गाडीचे पिस्टन

सानगडी

चि. बाईस,


तू पाठवलेला पिस्टनच्या ऑर्डरचा फॉर्म चार दिवस माझ्या खिशात होता. पहिल्या दिवशी तर मी तो पूर्ण वाचलाही नाही. चाळीसेक घोड्यांची प्रीमियर पद्मिनी, आणि तिला परदेशातून ठोकीव पिस्टन बनवून घ्यायचे, हे मनाला पटेना. आता पटलं आहे, पण तू सांगितलेल्या कारणाने नाही. फोनवर आकडे हुकतात, म्हणून लिहायला बसलो.

इंजिन उतरवून पडवीत ठेवलं आहे. हेड काढलं, खालचं चेंबर काढलं, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सोडले आणि चारही पिस्टन वरून ओढून घेतले. तिसऱ्याच्या माथ्यावर कार्बनचा जाड थर होता. रॉकेलच्या फडक्याने घासता घासता खालून आकडा उमटला, 0.50. म्हणजे या इंजिनाचं काम आधी एकदा झालेलं आहे. आबाजींनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तो आकडा पाहून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्या वर्षी धानाचे पैसे कुठे गेले म्हणून आई विचारायची, ते आठवलं.

कंपनीतून निघताना पद्मिनीचा बोअर 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक 75, म्हणून 1089 सीसी. आपला ब्लॉक एकदा बोअर मारून 68.50 झालेला. आता डायल गेज घालून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी आणि आडवा-उभा असा दोन्ही बाजूंनी मोजला. पहिला, दुसरा, चौथा सहाआठ शतांश झिजलेत. तिसरा मात्र खाली 68.53 आणि वर 68.66. वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथेच झीज जास्त होते. पेट्रोल तिथेच पेटतं आणि तेल तिथेच सगळ्यात कमी पोचतं. शिवाय एक उभी चरी आहे, नखाला लागते. त्यामुळे 68.75 वर ती निघेल याची मला खात्री नाही.

बाजारातला पिस्टन पायरीपायरीने येतो. 68.75 नाही जमलं तर थेट 69. तू बनवून घेतेस तर 68.80 सुद्धा मागू शकतेस, चरी निघेल तेवढंच लोखंड काढायचं. या विचाराने मी दोन रात्री खूश होतो. मग रिंगा आठवल्या. पिस्टन वीस-तीस वर्षं टिकेल, रिंगा त्याआधी बदलाव्या लागतील, आणि 68.80 ची रिंग तुला नाना पेठेतल्या कोणत्याच दुकानात मिळणार नाही. म्हणून फॉर्मवर 69.00 लिही. इंजिन 1122 सीसीचं होईल. फॉर्मवर रिंगांच्या जाडीचा रकाना आहे, तिथेही सहज मिळणारी जाडीच टाक.

आता ठोकीव कशाला, ते. भंडाऱ्याच्या कासाराकडे तू लहानपणी माझ्याबरोबर आली होतीस. ओतीव भांडं आणि ठोकीव भांडं यातला फरक तिथे कानाने कळतो. पिस्टनचंही तसंच. ॲल्युमिनियमचा रस साच्यात ओतला की ओतीव. तापवलेला गोळा प्रेसखाली दाबून आकार दिला की ठोकीव, त्यात धातूचे कण दाबाबरोबर वळतात आणि पोकळी राहत नाही. पण म्हणून ओतीव काही वाईट नाही. चेन्नईची इंडिया पिस्टन्स 1949 पासून आहे, आपल्या कोल्हापुरातही पिस्टन तयार होतात, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनींनी सगळा जन्म ओतीव पिस्टनवर काढला. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तीही वयाची अट भरली म्हणून.

माझं मन फिरलं ते वजनामुळे. आपले जुने चार पिस्टन साकोलीला सोनाराच्या काट्यावर ठेवले. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यात नऊ ग्रॅमचा फरक निघाला! आबाजी साठच्या पुढे गाडी नेताना स्टिअरिंग थरथरतं म्हणायचे, त्याला हेही एक कारण असू शकेल. बनवून घेतलेला संच ड्रॉइंगप्रमाणे येतो, चौघांचं वजन जुळवलेलं. त्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही.

फॉर्मवर धातूचे दोन पर्याय दिलेत, 2618 आणि 4032. तू पहिल्यावर खूण केली आहेस, ती खोड. 2618 चिवट आहे हे खरं, कॉन्कॉर्ड विमानाचं अंगही याच जातीच्या धातूचं होतं. पण त्यात सिलिकॉन नावालाच, त्यामुळे तापल्यावर तो जास्त फुगतो आणि बोअरमध्ये फट जास्त ठेवावी लागते. पौषातल्या सकाळी गाडी सुरू केलीस की इंजिन तापेपर्यंत पिस्टन भिंतीवर टकटक आपटेल. 2618 ही शर्यतीची, टर्बोची चीज. 4032 मध्ये बारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, फुगणं कमी, फट कमी, आवाज कमी. वापराच्या रकान्यात सरळ लिही: साधा रस्ता, पेट्रोल, शर्यत नाही.

हेडमधल्या, पेट्रोल पेटतं त्या चारही खोल्या मोजल्या. वर ग्रीस लावून काच ठेवली आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या 10 मिलीच्या सिरिंजने रॉकेल भरत गेलो. आकडे वेगळ्या कागदावर आहेत. 69 च्या बोअरला एका सिलिंडरचं 280 सीसी धरून कॉम्प्रेशनचं गणित तू कर, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. फक्त वाढवू नकोस.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र. नागपूरला काम शिकत होतो तेव्हा एका गाडीचा ब्लॉक आम्ही आधी बोअर मारून ठेवला, ठरलेल्या मापाला, आणि पिस्टन नंतर आले. डब्यावर माप तेच होतं. मी डब्यावर विश्वास ठेवला. एक पिस्टन चार शतांश बारीक होता. महिन्याभरात गिऱ्हाईक परत आलं, इंजिन वाजत होतं आणि धूर मारत होतं. ब्लॉक पुन्हा उघडून पुढच्या मापाला नेला. त्या माणसाच्या इंजिनातलं लोखंड माझ्यामुळे फुकट गेलं, ते काही परत भरता येत नाही. तेव्हापासून पिस्टन हातात आल्याशिवाय मी ब्लॉक खरादीकडे नेत नाही. पिस्टन आले की प्रत्येकावर नंबर घालायचा. तो पूर्ण गोल नसतो, माथ्याकडे निमुळता आणि गजन पिनच्या बाजूने दबलेला असतो, म्हणून बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर, पिनच्या काटकोनात मायक्रोमीटर लावायचा. त्यात त्यानेच सांगितलेली फट मिळवायची आणि एकेका पिस्टनला त्याचा त्याचा सिलिंडर बोअर करून होन मारायचा. तुमच्या पुण्यातला खरादी घाई करेल. करू देऊ नकोस.

पहिला पिस्टन, त्याची गजन पिन आणि एक कनेक्टिंग पार्सलने पाठवतो आहे. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची आणि कनेक्टिंगची दोन भोकांमधली लांबी तू तुझ्या हाताने मोज. माझे आकडे कागदावर आहेत, पण ते आधी पाहू नकोस. दोघांचे जुळले तरच फॉर्म पाठव. तिसरा पिस्टन इथेच ठेवून घेतला आहे, ताई आली की तिला तो आकडा दाखवायचा आहे.

सिलिंडरना तेल चोळून ब्लॉक गोणपाटाने झाकला आहे. गावच्या मंडईला येशील तेव्हा पिस्टन घेऊनच ये, आपण दोघं मिळून मोजू.

तुझा,
मामा