मुक्तीचे दुष्काळ

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता वर्गात शिकवणे सोपे. त्यांची श्रद्धा उमगायला आमच्या घरी दीर्घ आजारपण यावे लागले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-विधवा आणून त्यांनी केडगावला वसवल्या. १९२१ मध्ये एकुलती मनोरमा गेली; तरीही बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी १९२२ मधील मृत्यूपूर्वी पुरे केले. वधस्तंभ सोसणारा देव सोबत आहे, या विश्वासाने त्यांचे दुःख टळले नाही. ते एकटीचे मात्र उरले नसावे. आम्ही ख्रिस्ती नाही. पण आशा म्हणजे हातातले काम खाली न ठेवणे, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.