हृदयाचा हिशेब

गल्ल्यातील रोकड रोजमेळाशी जुळली, म्हणून उधारी वसूल होईलच असे कोणताही जाणता व्यापारी मानीत नाही. हृदयाच्या तपासण्यांबाबत मात्र हा विवेक अनेक घरांत सुटतो. ‘ईसीजी नॉर्मल आला’ या एका वाक्यावर चढावर लागणारी धाप आणि छातीतील जडपणा विसरला जातो.

विलेम आइंथोव्हेन या डच शास्त्रज्ञास ज्या कार्याबद्दल १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तो ईसीजी हृदयातील विद्युत हालचालींचा आलेख काढतो. परंतु तो जेमतेम दहा सेकंदांचा आणि विश्रांत अवस्थेतील. अधूनमधून चुकणारा ठोका त्यात सापडेलच असे नाही. त्यासाठी २४ तास वा अधिक काळ अंगावर बाळगावयाचे होल्टर यंत्र असते. इकोमध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने झडपा व स्नायूंचे आकुंचन दिसते. धमन्यांतील अडथळा सहसा थेट दिसत नाही. ट्रेडमिलच्या रूढ चाचणीत दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढवून श्रमाखालील हृदय तपासतात. अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून नळी नेऊन विशिष्ट द्रव्य सोडले की अरुंद झालेली धमनी क्ष-किरणांत स्पष्ट होते.

म्हणजे प्रत्येक तपासणीचा प्रश्न निराळा. सम्मेद शिखरजीची सुमारे २७ किलोमीटरची वंदना करू इच्छिणाऱ्याने गादीवर बसलेल्या हृदयाच्या अहवालावर विसंबू नये. चालताना होणारा त्रास डॉक्टरांना सांगावा. तपासणी कोणती, हे त्यांनी ठरवावे. लक्षण नसताना साऱ्याच तपासण्या करून घेणेही शहाणपणाचे नव्हे. त्यातून खोटी भीतीही पदरी पडते. चौविहाराचा नियम किंवा उपवास असल्यास तोही आधीच सांगावा, म्हणजे औषधांच्या वेळांचा विचार करता येतो.

परीषह समभावाने सोसणे ही आपल्या परंपरेची थोर शिकवण. परंतु छातीत दाब येऊन घाम फुटला असता दुकान वाढविण्याची वेळ होईपर्यंत गप्प बसणे, ही साधना नव्हे. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दर्शविणारे ट्रोपोनिन रक्तात वाढण्यास काही तास लागू शकतात. म्हणून पहिली तपासणी निर्दोष आली तरी डॉक्टर ती पुन्हा करावयास सांगतात. तेवढा वेळ थांबण्याचा संयम घरच्यांनी अवश्य दाखवावा.