पश्चात्ताप, सांत्वन आणि नात्याची दुरुस्ती

पश्चात्ताप समुपदेशकाकडे क्वचितच स्वतःच्या नावाने येतो. निद्रानाश, छातीतली धडधड, क्षुल्लक कारणावरून होणारी चिडचिड किंवा निवृत्तीनंतर अचानक जाणवू लागलेले रितेपण अशा तक्रारींच्या आडून तो येतो आणि त्याची ओळख पटेपर्यंत अनेकदा काही महिने जातात. पुण्यात दीर्घकाळ समुपदेशन करत असलेल्या प्रस्तुत लेखिकेच्या अनुभवात या भावनेचे सर्वाधिक नुकसान करते ते जवळच्या माणसांचे घाईने केलेले सांत्वन.

हे तिला प्रथम उमगले ते व्यवसायात नव्हे, स्वतःच्या घरात. वडिलांच्या निधनानंतर भेटायला आलेल्या बहुतेकांनी ‘तू तुझ्याकडून सगळं केलंस’ असेच सांगितले. ते मायेपोटी होते यात शंका नाही. मात्र अखेरच्या वर्षांत वडिलांशी औषधे, पथ्य आणि तपासण्यांचे अहवाल यांपलीकडे फारसे बोलणेच झाले नाही ही बोच ओठांवर येताच हे वाक्य पुढे येई आणि विषय तेथेच मिटे. ऐकणाऱ्यालाही स्वतःचे आईवडील आठवून त्या जागी थांबणे जड जात असावे. वेगळी वागली ती केवळ थोरली आत्या. तिने ‘काय बोलायचं राहिलं गं?’ एवढेच विचारले आणि उत्तर येईपर्यंत ती गप्प बसली. जे राहिले होते ते त्या दुपारी प्रथमच शब्दांत आले, आणि पुढील काळात आईशी होणारे फोन रक्तदाबाच्या आकड्यांवर संपेनासे झाले.

1990 च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी पश्चात्ताप काळाबरोबर कसा बदलतो याचा अभ्यास केला आणि असे दाखवले, की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी अधिक सलतात, तर आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी अधिक सलतात. केलेल्या चुकीभोवती माणूस काही ना काही समर्थन उभारतो, तिची थोडीफार भरपाईही करतो. न केलेल्या गोष्टीला मात्र शेवट नसल्याने तिच्या शक्यता मनात वाढतच राहतात. साठी ओलांडलेल्यांच्या बोलण्यात ‘राहून गेलं’ हे शब्द इतक्या वेळा येतात, की या निष्कर्षाचे लेखिकेला कधीच नवल वाटले नाही.

दुसरा भेद उपचाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी निष्ठेने रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती अपराधगंड आणि पश्चात्ताप यांना वेगळे मानते. अपराधगंडात माणूस एका कृतीवरून आपल्या संपूर्ण अस्तित्वाला अधम ठरवतो. पश्चात्तापात तो कृतीला चूक म्हणतो, तिचे दुःख सोसतो, पण स्वतःला बदलू शकणारा माणूस मानणे सोडत नाही. हा भेद लेखिकेला रोज उपयोगी पडतो. तथापि स्वतःला अधम ठरवणे थांबले म्हणजे काम संपले, असा त्याचा सोयीस्कर अर्थ काही जण लावतात, तो तिला मान्य नाही. कारण नात्यात ज्याला इजा झाली तो दुसरा माणूस अशा उपचारात कोठेच नसतो.

या संदर्भात सत्तरीला आलेल्या एका गृहस्थांचे उदाहरण, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे विस्ताराने मांडणे आवश्यक आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये केलेल्या सुधारणांमुळे वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क मिळण्याचा मार्ग खुला झाला. तरीही बहिणीने भावाला हक्कसोडपत्र करून द्यावे, म्हणजे आपला वाटा लेखी सोडावा, हे अनेक घरांत आजही गृहीत धरले जाते आणि त्या बदल्यात तिचे माहेर टिकेल असा न बोललेला करार त्यामागे असतो. या गृहस्थांच्या धाकट्या बहिणीने तशी सही केली होती. पुढे जमीन चांगल्या किमतीला विकली गेली, बहिणीचा नवरा आजारी पडला, आणि ती मदत मागायला आली तेव्हा तिला रिकाम्या हाताने परत जावे लागले. भाऊबीज बंद झाली. काही वर्षांनी बहीण वारली आणि यांची झोप उडाली. घरच्यांचे म्हणणे एकच होते: ‘तिनं राजीखुशीनं सही केली होती, आता कशाला उगाळता?’

ते स्वतःला सतत पापी म्हणत. हा शब्द कितीही कठोर वाटला, तरी नेमके काय घडले हे सांगण्यापासून तोच त्यांचा बचाव करत होता. पापी म्हणवून घेणे त्यांना जमत होते, पण ‘तिनं दवाखान्यासाठी पैसे मागितले आणि मी तिला सहीचा कागद दाखवला’ हे एक वाक्य उच्चारायला त्यांना फार दिवस लागले. ते उच्चारले गेले त्या दिवशी लेखिकेने धीराचा एकही शब्द काढला नाही. तसे करणे सोपे नव्हते, कारण समोरचा वृद्ध माणूस रडत असताना ‘जाऊ द्या’ म्हणण्याची ओढ प्रशिक्षणाने नाहीशी होत नाही.

व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पुढे लंडनमध्ये काम केलेल्या मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी 1937 च्या एका निबंधात प्रेम, अपराधभाव आणि दुरुस्ती यांची सांगड घातली आहे. ज्या आईवर आपण चिडतो तीच आपली प्रिय आई आहे हे मुलाला कळू लागते, तेव्हा मनातल्या मनात केलेली इजा भरून काढण्याची प्रेरणा त्याच्यात जागते. या प्रेरणेला त्या दुरुस्ती म्हणतात आणि प्रौढ वयातील जबाबदार प्रेमाचे मूळ तिच्यात पाहतात. मूळ व्यक्ती हयात नसली तरी ही प्रेरणा इतर नात्यांकडे वळू शकते.

त्या गृहस्थांना प्रथम भाचीला पैसे द्यायचे होते. आधी पैसे दिल्यास बोलण्याची वेळच येणार नाही अशी शंका वाटल्याने लेखिकेने त्यांना थांबायला सुचवले. शेवटी ते भाचीकडे गेले आणि घडलेले सर्व त्यांनी क्षमा न मागता सांगितले. तिला ते ठाऊक होते. तिने सांगितले, की वडील चिडून बोलत तेव्हा आई म्हणायची, ‘दादाचीही काही अडचण असेल.’ हे ऐकणे त्यांना रागापेक्षा जड गेले. भाचीने माफ केले नाही आणि घराबाहेरही काढले नाही. त्यानंतर त्यांच्या बोलण्यातून पापी हा शब्द नाहीसा झाला. दुःख मात्र अधिक स्पष्ट झाले आणि झोप हळूहळू परतली. काही काळाने त्यांनी मृत्युपत्र केले, त्यात मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा ठेवला आणि मुलीकडून कोणत्याही कागदावर सही घेऊ नये असे मुलाला बजावले.

एक प्रश्न येथे उरतो. पश्चात्ताप हलका करण्यासाठी गेलेला माणूस आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून येण्याचा धोका खरा आहे. भाचीने ऐकायलाच नकार दिला असता तर तो तिचा पूर्ण अधिकार होता. म्हणून अशा भेटीपूर्वी लेखिका अशिलाला दोन गोष्टी विचारते: समोरच्या व्यक्तीला हे ऐकायचे आहे का, हे तिला आधी विचारले आहे का, आणि दार बंद झाल्यास परत येऊन, तिच्याविषयी तक्रार न करता, ते दुःख सोसण्याची तयारी आहे का. दुसऱ्या प्रश्नाला तत्काळ होकार देणाऱ्यांना ती आणखी काही आठवडे थांबायला सांगते.