धामच्या काठानं

माघात धामचं पाणी निवळतं. पवनारला ही नदी काळ्या खडकावरून उतरते. कुठे घोटाभर पाणी, तर दोन पावलांवर डोह. नदीतल्या छत्रीपाशी नेहमीच माणसं असतात. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित झाल्या. दरवर्षी त्या दिवशी मेळा भरतो. दर्शन घेऊन बहुतेक जण पुलाकडे वळतात. मी ओघाबरोबर काठाची पायवाट धरते.

ही वाट कुणी आखलेली नाही. गुरं, मासे धरणारे, वावरात जाणाऱ्या बाया यांच्या पायांनी ती पडली. एका अंगाला कपाशी, वेचणी संपत आलेली. दुसऱ्या अंगाला करंज, उंबर, बाभूळ आणि अर्जुन. अर्जुनापाशी मी हटकून थांबते. त्याची पांढुरकी, गुळगुळीत साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि आतलं फिकट गुलाबी अंग उघडं पडतं. मुळं बघावीत ती पाण्याच्या बाजूनं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पुरात ढासळून नदीत जाते. अर्जुन असतो तिथे ती मुळांच्या जाळ्यात धरलेली राहते. झाड तोडलं तिथे काठ कापला गेलाय, वाट वावरात सरकलीय.

‘तिकडून नोका जाऊ ताई, काठ खचला हाय,’ गुराखी ओरडून सांगतो.

चालण्याशी पवनारचं नातं जुनं. १९३८ मध्ये विनोबा खालावलेली प्रकृती घेऊन इथे धामकाठी राहायला आले. १९५१ मध्ये इथूनच पायी निघाले, तेलंगणात पोचमपल्लीला भूदानाची पहिली जमीन मिळाली आणि तेरा वर्षांची पदयात्रा करून ते १९६४ मध्ये परतले. गाव, शिवार, माती सगळं त्यांनी पायाखालून पाहिलं. गाडीनं पूल ओलांडणाऱ्याला हा खचलेला काठ दिसतच नाही.

शेजारच्या वर्धेकरांना झाडं जगवता येतात. हनुमान टेकडी मुरमाची, उघडीबोडकी होती. वैद्यकीय जनजागृती मंचाच्या लोकांनी श्रमदानानं ती हिरवी केली. आज शहर तिथे फिरायला जातं. तीच माया धामला मिळायला हवी. घाट आणि फरशी विनोबांच्या आश्रमापाशी आहे तेवढी पुरे. पुढची वाट मातीचीच राहावी, तिच्या कडेनं अर्जुन लागावेत.

बी आयतंच झाडाखाली पडतं: तपकिरी, टणक, पाच पंखांचं. ते दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून पिशवीत लावायचं, रोप सांभाळायचं आणि पावसाळ्यात कापलेल्या काठापासून चार हात मागे रोवायचं. गुरांपासून जपायला बाभळीच्या काट्यांचं कुंपण लागेल. काटे तोडून द्यायला गुराखी तयार आहे.