सिस्सूपर्यंत आणि परत

ज्यांनी मनाली मे महिन्यात पाहिली आहे, त्यांना डिसेंबरातील मनाली चटकन ओळखता येणार नाही. माल रोडवरची गर्दी ओसरलेली असते, सफरचंदाच्या बागांत एकाही झाडावर पान उरलेले नसते आणि सकाळी बराच वेळ ऊन डोंगरामागेच अडकून राहते. मोटारसायकली भाड्याने देणारे बहुतेक दुकानदार गाड्यांवर ताडपत्री टाकून शेगडीजवळ बसलेले असतात. अशा मोसमात गिऱ्हाईक येत नाही. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये अशाच एका दुकानासमोर सोलापूरच्या कापडबाजारातील एका पेढीचा तरुण मालक सकाळी आठ वाजता येऊन उभा राहिला. चेन्नईच्या रॉयल एनफील्ड कंपनीने महिनाभरापूर्वी बाजारात आणलेली नवी हिमालयन मोटारसायकल त्याला दिवसभर चालवून पाहायची होती.

तो मुळात आला होता कुलूला, शालींच्या खरेदीसाठी. कुलूची शाल अंगभर साधी असते. तिचे सारे वैभव काठावरच्या भौमितिक रंगीत पट्ट्यांत. ज्यांनी सोलापुरी चादरीचे माग पाहिले आहेत, त्यांना हे हातमागावरचे काम पाहताना वेळेचे भान राहत नाही. सौदा दोन दिवसांत आटोपला. तिसरा दिवस त्याने राखून ठेवला होता, कारण पुढच्या जूनमध्ये दोन मित्रांसह मनाली ते लेह हा प्रवास मोटारसायकलीवरून करण्याचे त्याने ठरवले होते आणि घरातून त्याला संमती नव्हती.

संमती नव्हती, याचा अर्थ साफ नकार होता असे नाही. चाळीस वर्षे पेढी सांभाळलेल्या अण्णांनी ताग्याची घडी उलगडून, उजेडात नेऊन पाहिल्याशिवाय कधी माल उचललेला नाही. त्यांनी मुलाला एवढेच सांगितले होते, "गाडी जिथे चालवायची म्हणतोस, तिथल्या थंडीत आधी एक दिवस चालवून ये. तोपर्यंत इसाऱ्याचा एक रुपयाही द्यायचा नाही." आईने आणि सुनेने यावर काही म्हटले नाही, पण दोघींच्या मौनाचा अर्थ घरात सर्वांना कळत होता. दोन मुले लहान आहेत आणि पेढी या एकट्याच्या खांद्यावर आहे.

गाडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पहिली हिमालयन २०१६ साली आली. तिचे इंजिन ४११ सीसीचे, हवेने आणि तेलाने थंड होणारे. शक्ती सुमारे २४ अश्वशक्ती आणि गिअर पाच. नव्या गाडीचे इंजिन ४५२ सीसीचे आहे. ते रेडिएटरच्या साहाय्याने थंड होते, ४० अश्वशक्ती देते आणि त्याला सहा गिअर आहेत. कंपनीने या इंजिनाला 'शेर्पा' असे नाव दिले आहे. ओझे वाहून डोंगर चढणाऱ्या जमातीचे नाव यंत्राला देण्यात औचित्य आहे खरे. वजन १९६ किलो, म्हणजे शक्ती दीडपटीहून अधिक वाढली, तरी वजन वाढलेले नाही. पेट्रोलची टाकी १७ लिटरची. पुढचे चाक २१ इंची, कारण मोठे चाक खड्ड्यात पडण्याऐवजी त्यावरून तरून जाते. शोरूमची किंमत नोव्हेंबरात २ लाख ६९ हजारांपासून सुरू झाली. नोंदणी, विमा, हेल्मेट, जाड जाकीट, बूट आणि हातमोजे यांचा खर्च त्यावर वेगळा. या शेवटच्या वस्तूंचा हिशेब खरेदीच्या वेळी कोणी मांडत नाही आणि पुढे त्याच वस्तू अंगाला सर्वाधिक उपयोगी पडतात.

दुकानदाराने आपला मेकॅनिक सोबत दिला. तो जुन्या हिमालयनवर आणि सोलापूरचा पाहुणा नव्या, अशी जोडी निघाली. तुलनेसाठी याहून चांगली व्यवस्था झाली नसती.

तापमान शून्याच्या आसपास होते. बटण दाबताच इंजिन सुरू झाले, थोडा वेळ वेगाने फिरले आणि कूलंट तापू लागल्यावर आपोआप संथ झाले. पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना अशा सकाळी चोक ओढून, किका मारून मनवावे लागे. त्या पिढीतील वाचकांना ते आठवत असेल. सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंचीवर आहे. बेताच्या उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय सपाट रस्त्यावर चवड्यांपुरते टेकतात, पण रस्ता एका बाजूला उतरता असेल तर त्या बाजूचा पाय अधांतरी राहतो. पहिल्या पाच मिनिटांत त्याला जाणवलेली ही पहिली अडचण. सीट थोडी उंच करण्याची सोय गाडीत आहे.

मेकॅनिकने गाडी आधी वर न नेता खाली, कुलूच्या दिशेने वळवली. कारण पुढे गेल्यावर दिसले. ९ आणि १० जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत बियास नदीने कुलू-मनाली रस्त्याचे ठिकठिकाणी अक्षरशः लचके तोडले होते. पाच महिन्यांनंतरही कित्येक जागी डांबराऐवजी नदीतून आलेले गोटे, वाळू आणि कच्चा भराव होता. एका बाजूला नदी शांतपणे वाहत होती. हिवाळ्यात तिचे पाणी इतके उतरते की याच प्रवाहाने मोठाल्या इमारती पाडल्या, यावर विश्वास बसू नये. अशा रस्त्यावर नव्या गाडीचे खरे गुण दिसले. पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनची हालचाल २०० मिलिमीटरपर्यंत आहे. गोट्यांवरून जाताना हातांना धक्का कळतो, पण हँडल हातातून निसटू पाहत नाही. उभे राहून चालवल्यास गाडी अधिक शहाणी वाटते. मागच्या चाकाचे एबीएस बंद करता येते, म्हणजे सैल खडीवर मागचे चाक मुद्दाम घसरवून वेग कमी करता येतो. पण हे ज्याला जमते त्याच्यासाठी. सोलापूरच्या पाहुण्याने ते चालूच ठेवले, हे योग्य केले.

तासाभरात दोघे परत फिरले आणि मनाली ओलांडून सोलंगच्या वाटेने वर निघाले. त्या वर्षी बर्फ लांबले होते. एरवी बर्फ पडले की पोलीस दुचाक्या खालीच थांबवतात आणि चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच पुढे सोडतात. त्या दिवशी रस्ता कोरडा आणि मोकळा होता. देवदारांच्या सावलीतून बाहेर पडल्यावर प्रथमच अंगावर ऊन आले, पण त्यात ऊब नव्हती. शून्य अंश तापमानात ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या शरीराला ती थंडी उणे ९ अंशांसारखी लागते. गाडीची पुढची काच छोटी आहे. छाती काहीशी झाकली जाते. खांदे आणि हात उघड्यावरच राहतात. हँडलच्या मुठी गरम होण्याची सोय गाडीत नाही. सोलापुरात विकत घेतलेले हातमोजे सोलापूरच्या थंडीसाठी होते. सोलंगच्या पुढे त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे आहेत की नाहीत, हे क्लच दाबताना पाहून खात्री करावी लागत होती.

चढावर मात्र गाडीने मन जिंकले. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाला कमी प्राणवायू मिळतो. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के राहतो. म्हणजे खात्यावर ४० अश्वशक्ती जमा असल्या तरी तिथे हाती येतात साधारण २८. उंचीचा हा कर सर्वांना सारखाच भरावा लागतो. फरक पडतो तो मूळ भांडवलाचा. जुन्या गाडीच्या हाती अशा वेळी १७ च्या आसपास उरतात. त्यामुळे प्रत्येक चढाच्या वळणावर मेकॅनिक एक गिअर खाली उतरत होता आणि त्याच्या पुढची नवी गाडी तिसऱ्या गिअरमध्येच सहज वळण घेत होती. बर्फाळ घाटात मालवाहू ट्रकला ओलांडताना ही शिल्लक चैनीची नसून सुरक्षिततेची आहे.

अटल बोगद्याचे दक्षिणेकडील तोंड मनालीपासून २५ किलोमीटरवर, ३,०६० मीटर उंचीवर आहे. सीमा सडक संघटनेने बांधलेला, सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्यापूर्वी लाहौल खोऱ्यात जाण्यासाठी ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग घाट हाच मार्ग होता आणि बर्फ पडले की ते खोरे वर्षातील जवळजवळ सहा महिने जगापासून तुटे. आजाऱ्याला हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे. लाहौलचा हिरवा वाटाणा घाटावरच्या कोंडीत ट्रकमध्येच पिवळा पडे. व्यापाऱ्याला बोगद्याची किंमत यावरून चटकन कळते. आत दर १५० मीटरवर दूरध्वनी आणि दर २५० मीटरवर कॅमेरा आहे. थांबण्यास मनाई आहे. थंडीने आखडलेल्या माणसाला बोगद्यातील वारा नसलेली हवा इतकी सुखाची वाटते की तो संपू नये असे वाटते.

पण तो संपतो, आणि पलीकडे वेगळेच जग असते. देवदार नाहीत, हिरवा रंग नाही; उघडे, तपकिरी डोंगर आणि त्यांच्या माथ्यावर बर्फ. बाहेर पडताच चंद्रा नदीवरचा पूल येतो. मेकॅनिकने हात वर करून गाडी थांबवायला लावली, स्वतः उतरला आणि बुटाच्या टाचेने पुलाच्या सुरुवातीचा रस्ता घासून पाहिला. डांबर ओले असल्यासारखे काळे दिसत होते. ते ओले नव्हते. पारदर्शक बर्फाचा पातळ थर होता, ज्याला तिकडचे चालक 'काळे बर्फ' म्हणतात. पुलाखालूनही थंड हवा वाहत असल्यामुळे पूल जमिनीआधी गोठतो. दोन्ही गाड्या पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता, दोन्ही पाय खाली सोडून माणसाच्या चालीने पुलावरून गेल्या. तरीही मध्यावर नव्या गाडीचे मागचे चाक वीतभर बाजूला सरकले आणि परत जागेवर आले. मागचे चाक निसरड्यावर घसरू लागल्यास इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा या गाडीत नाही; ते काम मनगटालाच करावे लागते. मनगट त्या क्षणी बधिर होते.

सिस्सू गाव तिथून जवळच आहे. पोप्लरची निष्पर्ण झाडे, गोठलेल्या कडांचे तळे, समोरच्या कड्यावरून उतरणारा आणि मध्येच बर्फ झालेला धबधबा, एवढेच दिसत होते. एका टपरीवर चहा मिळाला. तिथे सोलापूरच्या माणसाला एक गोष्ट कळली. ही चंद्रा पुढे तांदीला भागा नदीला मिळते आणि त्या संगमापासून तिला चंद्रभागा म्हणतात. तीच खाली चिनाब होते. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथून आलेल्या माणसाने हे नाव एवढ्या दूर ऐकल्यावर नदीकाठी जाऊन पाण्याला हात लावणे स्वाभाविक होते. हातमोजा काढण्याचे त्याचे धाडस मात्र झाले नाही.

केलाँगपर्यंत जाण्याची त्याची इच्छा होती. गाडी उत्तम चालत होती, टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली होती आणि घड्याळात जेमतेम दीड वाजला होता. मेकॅनिकने नकार दिला. खोऱ्यात ऊन तीननंतर कड्याआड जाते, दुपारी वितळून रस्त्यावर आलेले पाणी पुन्हा गोठू लागते आणि सकाळी एका पुलावर असलेले संकट चारनंतर प्रत्येक सावलीच्या वळणावर असते. मेकॅनिक म्हणाला, "गाडी जाईल हो साहेब. परत येण्याचे बोला." मोबाइलची बॅटरीही थंडीने झपाट्याने उतरली होती, आणि गाडीच्या गोल पडद्यावरचा नकाशा मोबाइलवरच अवलंबून असल्यामुळे तो पडदा आता फक्त वेग दाखवण्याच्या कामाचा उरला होता. काही क्षण तो केलाँगच्या रस्त्याकडे पाहत राहिला. मग गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर त्याने वेग आणखी कमी ठेवला. पूल आता कोरडा होता, तरी मेकॅनिक पुन्हा उतरला आणि पुन्हा टाच घासून पाहिली.

संध्याकाळी मनालीतून त्याने घरी फोन केला. गाडीचे गुण सांगण्याची त्याने पूर्ण तयारी केली होती. अण्णांनी ते विचारलेच नाहीत. त्यांनी विचारले, "किती वाजता परतलास?" त्याने सांगितले, पावणेचार. केलाँगची हकीकतही न लपवता सांगितली. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग अण्णांनी किंमत, पेट्रोलचा खर्च आणि हातमोज्यांचा भाव विचारला आणि म्हणाले, "थंडीत पाहिलीस, ठीक. आता एप्रिलमध्ये इथल्या त्रेचाळीस डिग्रीत भर दुपारी चालवून बघ. तुझ्या त्या रेडिएटरचा पंखा काय म्हणतो ते कळेल. मग इसाऱ्याचे बोलू."

दुसऱ्या दिवशी कुलूहून शालींचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला देताना त्याने त्यात जाड लोकरी हातमोज्यांचे तीन जोड टाकले.